इंटर्नशिप मिळवण्याची शास्त्रोक्त पद्धत (खापर आवृत्ती)

हे मार्गदर्शन खापर, अक्कलकुवा, मोलगी आणि वरच्या पाड्यांतून कायद्याला प्रवेश घेतलेल्या नवशिक्यांसाठी आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना याची गरज पडणार नाही. त्यांच्या काकांचं ऑफिस असतं.

आधी भूगोल. खापर हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्याचं बाजारपेठेचं गाव, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचं. थोडं पुढं गेलं की गुजरात लागतो. सागबारा, मग डेडियापाडा. वर सातपुडा. तालुक्याचं कोर्ट अक्कलकुव्याला, जिल्हा न्यायालय नंदुरबारला, विद्यापीठ जळगावला, उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आणि इंटर्नशिपच्या जाहिराती मुंबई, दिल्ली, गुरुग्रामला. हा नकाशा पाठ झाला की अर्धा अभ्यासक्रम संपला असं समजा. उरलेला अर्धा एसटीत होतो.

पूर्वतयारी

काळा कोट घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत इंटर्नचा पोशाख ठरवून दिला आहे: पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, बंद बूट. मे महिन्यात नंदुरबारला हा पोशाख चढवून उभं राहणं ही मूट कोर्टपेक्षा अवघड परीक्षा आहे, पण तिला गुण नाहीत. त्याच नियमात पुढं असंही म्हटलंय की पूर्ण पोशाख मिळवण्यात अडचण असेल तर पांढरी पँट, खोचलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट चालतील. ही सवलत कॉलेजात कुणी सांगत नाही, कारण नियम तिथवर कुणी वाचत नाही.

मग सीव्ही. सीव्ही म्हणजे आपण जे केलेलं नाही ते ठळक अक्षरांत लिहायचा कागद. त्यात मूट कोर्ट स्पर्धा, रिसर्च पेपर आणि एखादी परिषद हवीच. तुम्ही वनहक्काच्या दाव्यासाठी आजोबांबरोबर ग्रामसभेला बसलात, तलाठ्याकडून फेरफार काढलात, शेजारणीच्या पोटगीच्या अर्जासाठी तिच्याबरोबर कोर्टात पाच तारखा उभे राहिलात, तर हे सगळं 'छंद' या सदरात बसवा. दुसरीकडे जागा नाही. भाषांच्या रकान्यात इंग्रजी, हिंदी, मराठी एवढंच लिहायची रीत आहे. वसावी, पावरी, अहिराणी आणि बाजारापुरती गुजराती येत असेल तर ते लपवा. चार जादा भाषा येणारा उमेदवार मागासलेला वाटतो.

पायरी पहिली: जाहिरात वाचणे

जाहिरातीची भाषा कायद्याच्या भाषेइतकीच बारकाईनं वाचायची असते. 'शिकण्याची उत्तम संधी' म्हणजे पैसे नाहीत. 'कामगिरी पाहून स्टायपेंड' म्हणजेही पैसे नाहीत, फक्त ते तुम्हाला महिनाअखेरीस कळेल. 'घरून काम चालेल' म्हणजे तुम्ही रेंजसाठी गच्चीवर किंवा टेकाडावर बसायचं आणि समोरच्यानं विचारायचं, 'मागं बकरीचा आवाज येतोय का?' 'उत्कृष्ट इंग्रजी अनिवार्य' याचा अर्थ कामात इंग्रजी लागतं असा नाही; मुलाखत घेणाऱ्याला मराठीत विचारायला संकोच वाटतो असा आहे.

सगळ्यात चविष्ट ओळ म्हणजे 'किमान 3 महिने, पूर्णवेळ, सलग'. वर सांगितलेल्या नियमांप्रमाणे कोणत्याही एका वर्षात सलग 4 आठवड्यांहून जास्त इंटर्नशिप करता येत नाही. म्हणजे कायद्याचं पालन कसं करावं हे उद्योगांना सांगणारं ऑफिस विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी नियम मोडायला बोलावतं. अर्थात हे मुलाखतीत बोलू नका. फार हुशार उमेदवारही नको असतो.

पायरी दुसरी: ओळख काढणे

ही पायरी पुस्तकात नाही म्हणून ती महत्त्वाची. वडील शेतात किंवा ऊसतोडीला, आई अंगणवाडीत, घराण्यात कुणी वकील नाही: अशा वेळी ओळख म्हणजे नंदुरबारला पेपर टाकणारा मामाचा मुलगा. तो ज्यांच्याकडं पेपर टाकतो ते वकील आहेत. सुरुवात तिथून करा. निदान साहेब सकाळी किती वाजता दार उघडतात हे तरी कळतं.

पायरी तिसरी: नियम वाचणे (ही वगळण्याची प्रथा आहे)

ज्यांना प्रथा मोडायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 3 वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि 5 वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप लागते. ती कुठं करता येते? यादीत लॉ फर्म आणि कंपन्या आहेतच. पण त्याच यादीत स्वयंसेवी संस्था आहेत, खालच्या कोर्टातले वकील आहेत, न्यायालयं आहेत आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत. ग्रामपंचायत ही स्थानिक स्वराज्य संस्था आहे. खापरलाही ती आहे. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यानं निदान एकदा तरी कोर्टात प्रत्यक्ष काम चालवणाऱ्या वकिलाकडं शिकलं पाहिजे अशी सक्ती आहे. म्हणजे मुंबईतल्या काचेच्या इमारतीत सगळे आठवडे काढणाऱ्याचा कोटा नियमानं अपुरा, आणि अक्कलकुव्याच्या कोर्टात खाकी फाइल उचलणाऱ्याचा पुरा. आणखी एक तरतूद: सुट्टीत विद्यार्थ्यांना शिकवायला तयार असलेल्या अनुभवी वकिलांची जिल्हावार यादी राज्य बार कौन्सिलनं करावी. तुमच्या कॉलेजात ही यादी मागा. मागितल्यावर कार्यालयातल्या माणसाचा चेहरा कसा होतो तेही बघा. साक्षीदाराचे हावभाव टिपायचा तो पहिला धडा.

पायरी चौथी: स्टँडवर उतरणे

इथं मार्गदर्शक थोडा गंभीर होईल, सांभाळून घ्या.

कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सची दुकानं असतात. खरी लॉ फर्म ती. पहिलं गिऱ्हाईक नावातल्या चुकीचं. देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी वाटलं गेलं. तेव्हापासून आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं हा जिल्ह्याचा जोडधंदा झाला. त्यात सीमा. एकाच कुळातला अलीकडचा भाऊ वसावे, पलीकडचा वसावा. दोघांची आजी एक हे सांगायला प्रतिज्ञापत्र लागतं. झेरॉक्सवाला म्हणतो, 'स्टॅम्प आणा.' ऑक्टोबर 2024 पासून 100 चा स्टॅम्प मागं पडून 500 चा आला. पण शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ आहे. साधा कागद चालतो. हे वाक्य दुकानासमोर उभं राहून दिवसभर मोठ्यानं म्हटलंत तर तुम्ही मुंबईतल्या कुठल्याही इंटर्नपेक्षा जास्त लोकांचे पैसे वाचवाल. दुकानदार तुम्हाला प्रमाणपत्र देणार नाही, एवढंच.

दुसरं काम वनहक्काचं, आणि याच्यासाठी खरं तर वेगळा अभ्यासक्रम हवा. 2006 चा कायदा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत हक्क. दावा आधी ग्रामसभेकडं, तिथली वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर अपील विभागीय समितीपुढं, म्हणजे आपल्यासाठी नाशिकला. नियम सांगतात की एकाहून जास्त पुरावे हवेत, आणि त्यांत गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. आता हा जबाब घेणार कोण? आजोबा पावरीत सांगणार की त्या मोहापासून या नाल्यापर्यंत आमचा बाप नांगर धरायचा. ते ऐकून, दिशा विचारून, खुणा लिहून, मराठीत मांडून, वाचून दाखवून अंगठा घेणारा माणूस हवा. दिल्लीच्या विधी विद्यापीठातला सुवर्णपदकविजेता इथं दुभाषा शोधत बसेल. तुम्हाला दुभाषा लागत नाही. ज्या भाषा सीव्हीतून खोडल्या त्या इथं पुराव्याचा कायदा आहेत.

पुढचा भाग अजून शिकवणारा. दावा नामंजूर झाला की अनेकदा दावेदाराला ते कळतच नाही, कळलं तर कारण कळत नाही. नियमांप्रमाणे कारणांसह निर्णय दावेदाराला कळवणं बंधनकारक आहे, आणि ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयावर अपिलाला 60 दिवस मिळतात. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं नामंजूर दावेदारांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. पंधरवड्यात, 28 फेब्रुवारीला, त्याला स्थगिती मिळाली. तेव्हा प्रश्न हाच उभा राहिला की नामंजुरी रीतीप्रमाणे झाली होती का. हे तपासायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. फाइल उघडावी लागते. एका पाड्यावरच्या नामंजूर फाइली ओळीनं वाचून कुठं कारण नाही, कुठं नोटीस नाही, कुठं पंचनाम्यावर सही नाही, याचा तक्ता केलात तर तो कुठल्याही रिसर्च पेपरच्या तोंडात मारेल. फक्त तो 'रिसर्च पेपर' नसल्यानं सीव्हीत पुन्हा छंदांत जाईल.

तिसरं काम महामार्ग पुरवतो. अपघात होतात, घरातला कमावता माणूस जातो, आणि तेराव्याच्या आत कुणीतरी 'क्लेम करून देतो' म्हणत येतं. 2019 च्या दुरुस्तीनं दाव्याला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा घरच्यांना तारीख सांगणं हेसुद्धा कायद्याचं काम. महामार्गाचाच दुसरा माल म्हणजे दारू. गंमत अशी की सीमेच्या दोन्ही बाजूंना मूळ कायदा एकच आहे, 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम. 1960 ला राज्यं वेगळी झाली तेव्हा दोघांनी तो वाटून घेतला. अलीकडं त्याच्यातून परवाने निघतात, पलीकडं त्याच्यातून तुरुंग. जप्त झालेली पिकअप सोडवायला मालक कोर्टाच्या पायरीवर बसलेला असतो. पोरगा गुजरातेत अडकला तर तिकडं जाता येईल का, असं नवशिके विचारतात. येईल. महाराष्ट्राची सनद देशभर चालते. ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 चा, त्यातलं हे कलम 30 अंमलात यायला मात्र 15 जून 2011 उजाडला. पन्नास वर्षं. आपल्या तारखांबद्दल तक्रार करण्याआधी हे लक्षात ठेवा.

एक काम असं आहे की त्यावर विनोद सुचत नाही. सातपुड्यात अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो त्या बाईच्या भाषेत पोलीस ठाण्यापर्यंत पोचवणारं माणूस गावातलंच असावं लागतं, आणि ते मुलगी असेल तर फार बरं. कायदा शिकणाऱ्या मुलींनो, कुठल्याही ऑफिसात तुम्हाला चहाचे कप मोजायला लावले तर हे काम आठवा.

पायरी पाचवी: सिनियर धरणे

तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअरच्या तोंडी पहिल्या वर्षी एकच वाक्य असतं: 'साहेब नंदुरबारला अडकलेत, पुढची तारीख मिळावी.' ते आदबीनं म्हणायला शिका, कारण न्यायाधीशांनी ते आधी फार ऐकलेलं असतं. मग मुदतीचा अर्ज, गैरहजेरी माफीचा अर्ज, नकलेचा अर्ज. शिरस्तेदारांना नमस्कार करायला विसरू नका. फाइल कुठं आहे हे विद्यापीठाला माहीत नसतं, त्यांना असतं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, तेव्हा साहेब अजून 'चारशे वीस' म्हणतात आणि तुम्ही हळूच '318' म्हणायचं. 302 ची 103 झाली, पोटगीच्या 125 ची 144. नवशिक्याला जुन्याजाणत्यावर मात करायची अशी संधी पन्नास-शंभर वर्षांत एकदा येते. ती वाया घालवू नका, पण चारचौघांतही वापरू नका.

मानधन? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं: ज्युनिअरला शहरात महिना 20,000, ग्रामीण भागात 15,000 द्यावेत अशी शिफारस. 'शिफारस' हा शब्द कलमाचं उपकलम वाचावं तसा वाचा. हे परिपत्रक सिनियरच्या टेबलावर ठेवण्याचं धाडस केलंत तर दोन शक्यता. ते हसतील, किंवा फार हसतील. त्यांचीही अडचण समजून घ्या. अक्कलकुवा तालुक्यात बहुसंख्य लोक आदिवासी, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जमातीची व्यक्ती उत्पन्नाची अट न लागता मोफत वकिलाला पात्र. स्त्रियाही पात्र, मुलंही. म्हणजे बाजारात उभं असलेलं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक कायद्यानं फुकट सेवेला पात्र आहे. दुकान थाटायला इतकी वाईट आणि वकील व्हायला इतकी गरजेची जागा दुसरी सापडणार नाही.

पायरी सहावी: नोकरी

सनदेची फी आता वाढवून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 30 जुलै 2024 ला सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या 750 रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क नको. बार परीक्षा वेगळी, ती द्यावीच लागते. न्यायाधीश व्हायचं तर 20 मे 2025 च्या निकालानं 3 वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे. त्या तीन वर्षांत जेवायचं कुठं, हा प्रश्न परीक्षेच्या बाहेरचा. पगाराची खरी जागा शोधायची तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाकडं बघा: 2022 च्या योजनेत आरोपींच्या मोफत बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमतात आणि सहायक पदाला शून्य ते तीन वर्षांचा अनुभव पुरतो. शून्य हा आकडा नोकरीच्या जाहिरातीत क्वचित दिसतो, म्हणून ठळक सांगितला.

राजकारणही आहेच. ॲड. के. सी. पाडवी याच भागातून अनेकदा आमदार झाले, आदिवासी विकास मंत्री झाले. त्यांचे चिरंजीव ॲड. गोवाल पाडवी 2024 मध्ये नंदुरबारचे खासदार झाले. हा मार्ग खुला आहे, फक्त त्याची इंटर्नशिप घरातच करावी लागते.

परिशिष्ट: आंतरराष्ट्रीय अनुभव

काही ऑफिसं आंतरराष्ट्रीय कायद्याचा अनुभव मागतात. त्यांना मणिबेली सांगा. हे अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव, सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं. नर्मदा लवादाचा 1979 चा निवाडा, जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स आयोगाचा 1992 चा अहवाल, 1993 मध्ये जागतिक बँकेचं प्रकल्पातून बाहेर पडणं, 2000 च्या ऑक्टोबरातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: या सगळ्या पानांवर याच खोऱ्यातल्या माणसांच्या जमिनी आहेत. 1994 मध्ये जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेच्या धरण-कर्जांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याला नावच मणिबेलीचं दिलं. पुनर्वसनाच्या ज्या फाइली अजून मिटलेल्या नाहीत त्या वाचायला हेग किंवा जिनिव्हाला जावं लागत नाही. मोलगीची गाडी पकडावी लागते.

आता मार्गदर्शकाचं मत, फुकट असल्यानं ते इथं देतो. कामाची टंचाई मुळीच नाही. टंचाई आहे ती या कामाला इंटर्नशिप म्हणणाऱ्या शिक्क्याची आणि त्या चार आठवड्यांच्या जेवणाखाणाच्या पैशाची. विद्यापीठानं वनहक्क समिती, ग्रामपंचायत आणि तालुका विधी सेवा समिती यांच्याकडचं काम अधिकृत इंटर्नशिप म्हणून धरावं. नियम त्याला आडवा येत नाही. आदिवासी विकास विभागानं त्यासाठी विद्यावेतन द्यावं. वसतिगृहातल्या मुलांचे हिशेब तो ठेवतोच, हाही ठेवेल. आणि विधी महाविद्यालयांनी सीव्हीच्या नमुन्यात 'छंद' या सदराआधी 'गावातलं काम' असं एक सदर घालावं.

तोवर तुम्ही एवढं करा. अक्कलकुव्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा आणि विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज द्या. त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 गावातल्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर चिकटवा. अर्ज साध्या कागदावर चालतो, स्टॅम्प नको. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. 'उद्या या' म्हणाले तर तेवढं लेखी मागा.